गोळ्या चालू आहेत, पण दिवसभर करायचं काय?

“आंघोळ स्वतः करतो का?” डॉक्टरांनी विचारलं.

“हो तर. सगळं स्वतःचं स्वतः करतो,” आई म्हणाली.

बुधवार होता. आमच्या सिव्हिलमध्ये मानसिक आजाराच्या दिव्यांग दाखल्याचं काम तेव्हा फक्त बुधवारी चालायचं. सकाळी साडेसातला केसपेपरच्या रांगेत उभे राहिलो, धाकट्या भावाचा नंबर लागला तेव्हा पावणेदोन झाले होते. डॉक्टर भराभर विचारत गेले. कपडे बदलतो? हो. पाहुणे आले तर बोलतो? बोलतो की. दुकानातून सामान आणतो? आणतो. आईनं पोराची इज्जत राखली, डॉक्टरांनी ऐकलं ते लिहिलं. काही दिवसांनी हातात आलेल्या कागदावर 30 टक्के होते. 40 च्या खाली. म्हणजे योजनांच्या दृष्टीनं तो कागद असून नसल्यासारखा.

घरातली परिस्थिती अशी होती : आंघोळीसाठी त्याला तीनदा हाक मारावी लागायची, मग बादली भरून, टॉवेल हातात देऊन मोरीपर्यंत न्यावं लागायचं. पाहुण्यांशी बोलतो म्हणजे ‘या’ म्हणतो आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावतो. सामान आणतो ते कोपऱ्यावरच्या एकाच दुकानातून, चिठ्ठी घेऊन, आणि तेही दुकानदार लहानपणापासून ओळखतो म्हणून. आई खोटं बोलली नव्हती. तिला प्रश्नच वेगळा ऐकू आला होता. ‘तुमचा मुलगा चांगला आहे ना?’ असा.

भावाला स्किझोफ्रेनिया आहे, त्याला आता बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत जे कळलं ते कुणी पहिल्या वर्षी एका जागी बसवून सांगितलं असतं तर किती हेलपाटे वाचले असते, असं सारखं वाटतं. म्हणून हा लेख.

आजार आणि अशक्तपणा

टायफॉइडचा ताप उतरतो, पण माणूस त्यानंतर महिनाभर धड चालत नाही. ताप हा आजार, आणि मागे राहिलेला अशक्तपणा ही वेगळी गोष्ट. मानसिक आजारातही असंच आहे, फक्त इथं अशक्तपणा महिन्याभराऐवजी वर्षानुवर्षं राहू शकतो. गोळ्यांनी भावाचे आवाज थांबले, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात ही भीती गेली. पण उठावंसं वाटणं, कुणाशी बोलावंसं वाटणं, हातात घेतलेलं काम शेवटाला नेणं हे परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, “आता स्टेबल आहे.” स्टेबल म्हणजे काय, तर तो दिवसभर छताकडे बघत पडून असायचा आणि कुणाला त्रास देत नव्हता.

या मागे राहिलेल्या भागाला कायदा दिव्यांगत्व म्हणतो. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकूण 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि मानसिक आजार त्यांतलं एक आहे. (दिव्यांग हा शब्द मला स्वतःला फारसा पटत नाही, आमच्या घरात काहीही दिव्य चाललेलं नसतं. पण अर्जावर तोच लिहावा लागतो.) मोजमापासाठी ‘आयडियाज’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात चार गोष्टी बघतात : स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि समज, आणि काम. शिवाय आजार किती काळ आहे, तेही धरतात. 40 टक्के किंवा त्यापुढे गेलं की बहुतेक योजनांचं दार उघडतं.

तेव्हा दाखल्याला जाण्याआधी एक वही करा. पंधरा दिवस रोज लिहा : काय सांगावं लागलं, किती वेळा सांगावं लागलं, काय अर्धवट राहिलं. प्रश्न ‘करतो का’ असा आला तरी उत्तर ‘न सांगता करतो का’ याचं द्यायचं. हे वाढवून सांगणं नाही. आपण इतकी वर्षं जे झाकत आलो ते फक्त उघडं करायचं.

इथंच एक गल्लत निस्तरून टाकू. मानसिक आजार वेगळा आणि बौद्धिक दिव्यांगत्व वेगळं. पूर्वी ज्याला मतिमंदत्व म्हणत ते बौद्धिक दिव्यांगत्व लहानपणापासून असतं, त्यात शिकण्या-समजण्याचा वेगच कमी असतो. स्किझोफ्रेनिया, बायपोलर हे आजार बहुधा ऐन तारुण्यात येतात, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या हुशार पोरालाही येतात. गावात दोघांनाही ‘डोक्यानं कमी’ म्हणून मोकळे होतात. फरक शब्दापुरता नाही, पैशाशीही आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात फक्त चार गट येतात : स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता. त्याखालचा ‘निरामय’ हा 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा, किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून सज्ञान मुलाचं पालकत्व मिळणं, हे त्या चौघांसाठीच. स्किझोफ्रेनियावाल्यांनी तिथं चकरा मारू नयेत. मी मारल्यात.

मधली जागा

दवाखान्याचं काम झटका आवरण्याचं. घराचं काम जेवूखाऊ घालण्याचं. या दोन्हींच्या मध्ये मोठी मोकळी जागा आहे आणि बहुतेक कुटुंबं त्या जागेत अडकून पडतात. रुग्ण दवाखान्यात ठेवण्याइतका आजारी नसतो आणि कामाला लावण्याइतका बराही नसतो. त्या मधल्या जागेत, माणसाला त्याच्या गावातून-गल्लीतून न उचलता, जी मदत मिळते तिला समाजाधारित सेवा म्हणतात. गावातच गोळ्या मिळणं, ओळखीच्या भाषेत बोलणारं कुणी मिळणं, दिवसा जायला ठिकाण, राहायला घर, हातखर्चाला पैसे, आणि सांभाळणाऱ्याला चार दिवस सुट्टी, एवढं सगळं त्यात आलं.

आपल्याकडे हे इतकं उशिरा का सुचलं? कारण आधी सगळा भर भिंतींवर होता. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. ज्यांना घरचे न्यायला आले नाहीत अशी माणसं तिथं बरी होऊनही राहिली, म्हातारी झाली. भिंतीबाहेर काय होतं, ते 6 ऑगस्ट 2001 ला देशाला दिसलं. तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका खाजगी आसऱ्यात आग लागली. माणसं साखळदंडानं बांधलेली होती. 28 जण गेले.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो मे 2018 पासून लागू आहे, तो हे सगळं मागे ठेवून वाचावा. त्याच्या कलम 19 मधलं वाक्य मी एका कागदावर लिहून देवघराशेजारी लावलंय. आशय असा : घर नाही, घरचे नेत नाहीत किंवा गावात सोय नाही, एवढ्या कारणावरून कुणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. समाजात राहणं हा त्याचा हक्क आहे. त्यासाठी लागणारी अर्धनिवासी केंद्रं (दवाखाना आणि घर यांच्या मधला मुक्काम), आधारगृहं, घरी येऊन दिलेली सेवा हे सरकारनं उभं करायचंय, असं कलम 18 सांगतं. साखळीनं बांधणं, भूल न देता शॉक देणं यांवर बंदी आहे. विमा कंपनीनं शारीरिक आजाराइतकंच मानसिक आजाराला संरक्षण द्यायचं, हेही याच कायद्यात आहे.

कागदावर छान आहे. पण 2019 साली सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला सांगावं लागलं, की मनोरुग्णालयातून बरे झालेल्यांना भिक्षेकरीगृहात नाहीतर वृद्धाश्रमात हलवणं म्हणजे पुनर्वसन नव्हे. कायद्याचा शब्द आणि रिकामी खोली यांत किती अंतर आहे, ते यावरून समजावं.

या कायद्यातली आणखी एक सोय फारशी कुणी वापरत नाही : आगाऊ सूचनापत्र. माणूस बरा असताना स्वतः लिहून ठेवू शकतो, की पुन्हा बिघडलं तर माझ्यावर कसे उपचार करा, कसे करू नका, आणि माझ्या वतीनं कुणी बोलायचं. भावानं लिहिलं तेव्हा मी शेजारी बसले होते. अर्धा तास पेन चावून त्यानं तीन ओळी लिहिल्या. ‘मला धरायला चार माणसं आणू नका. मामाला बोलवा. ज्या इंजेक्शननं जीभ जड होते ते नको.’ तिसऱ्या ओळीतली गोष्ट त्यानं आम्हाला आठ वर्षांत एकदाही सांगितली नव्हती. आम्ही विचारलीही नव्हती.

गोळ्या कुठं, बोलायचं कुणाशी

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हे नाव लक्षात ठेवा. 1996 पासून केंद्र सरकारचा हा कार्यक्रम आहे; त्याचा पहिला नमुना बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात करून पाहिला होता. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका यांचं पथक असावं आणि त्यानं ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयांत जावं, अशी ही रचना आहे. गोळ्या मोफत असतात. पथकात एखादी जागा रिकामी असणं हे नेहमीचंच, तरी तालुक्याच्या दवाखान्यात ‘मानसिक आजाराचे डॉक्टर कुठल्या वारी येतात’ एवढं विचारून ठेवलं की दर महिन्याचं शहरापर्यंतचं एसटीचं भाडं आणि एक रोज वाचतो. ज्या घरात गोळ्या बंद पडतात तिथं बहुतेक वेळा दोष हट्टाचा नसतो, भाड्याचा असतो.

रात्री-अपरात्री काही झालं तर 14416. हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेला, चोवीस तास, फुकट आणि मराठीतही. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतात. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि हा फोन लावा. फोन फक्त रुग्णानंच करायचा असा नियम नाही. मी स्वतःसाठी केलाय, गच्चीवर जाऊन.

आता मला स्वतःला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट सांगते. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (ते 12 राज्यांत झालं, महाराष्ट्र त्यात नव्हता) दिसलं, की साधारण दहातल्या एका सज्ञान माणसाला त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता, आणि आजारानुसार 70 ते 92 टक्के लोक उपचारापर्यंत पोचतच नव्हते. एवढ्या लोकांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ आपल्या हयातीत तयार होणार नाहीत. मग दहावी-बारावी झालेल्या, गावातल्याच माणसाला नीट शिकवून हे काम जमेल का?

गोव्यात ‘संगत’ संस्थेनं हे करून पाहिलं. 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या लोकांशी बोलायला डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ न ठेवता, प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक बसवले. सहा ते आठ बैठका. नेहमीच्या उपचारांपेक्षा या लोकांचा गुण ठळकपणे जास्त आला. बैठकीत काय करतात, हे ऐकून पहिल्यांदा मला हसू आलं होतं, इतकं ते साधं आहे. समजा, नवरा गेल्यापासून एक बाई घराबाहेर पडत नाही. तिला ‘चांगले विचार करा’ असं सांगत नाहीत. आधी कुठल्या कामात जीव रमायचा, ते विचारतात. ती म्हणते, एकादशीचं भजन. मग थेट भजनाला पाठवतात का? नाही. या आठवड्यात फक्त गिरणीवर दळण द्यायला स्वतः जायचं. पुढच्या आठवड्यात दळण आणताना वाटेत मैत्रिणीच्या ओट्यावर पाच मिनिटं टेकायचं. मन बरं झालं की माणूस उठेल, याची वाट बघण्याऐवजी उठवून बघायचं. मन मागून येतं. आपल्याकडच्या आज्या सुतकानंतर बायकांना निवडायला धान्य आणून द्यायच्या, त्याची आठवण झाली. फरक इतकाच, की आजीनं मोजमाप ठेवलं नव्हतं.

संगतनंच अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प केला. शेतकरी आत्महत्यांमुळे जो भाग सगळ्यांना माहीत झाला, तिथला. प्रकल्पाआधी नैराश्य असलेल्यांपैकी 4.3 टक्के लोक कुठं तरी मदत मागायला जात; दीड वर्षानं ते प्रमाण 27.2 टक्के झालं. त्यात गोळ्यांपेक्षा गावातल्या बैठका आणि घरोघरच्या भेटींचा हात मोठा असावा असं मला वाटतं. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्रानं ‘आत्मीयता’ सुरू केली, ती पुढे गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठी झाली. तिथं गावातलेच दोन थरांतले लोक असतात. एक नुसती नजर ठेवणारे : कोण अलीकडे पारावर येत नाही, कोण जास्त प्यायला लागलंय. दुसरे चार-सहा भेटी घेऊन बोलणारे. आणि हे दुसरे लोक मन मोकळं करून घेण्यावर थांबत नाहीत, पेन्शनचा अर्जही भरून देतात. कर्जानं झोप उडालेल्या माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवून किती उपयोग होणार? पुण्यात झोपडवस्त्यांमधून बापू ट्रस्टनं हेच काम शहरी वळणानं केलंय.

सेंटर

भावाच्या बाबतीत खरा बदल कशानं झाला, तर चहानं.

पालकांनी मिळून चालवलेलं, फक्त दिवसा जायचं एक केंद्र आमच्या गावापासून बसनं पस्तीस मिनिटांवर आहे. एका ट्रस्टचा हॉल, दोन टेबलं, एक गॅस. पंधरा-सोळा जण येतात. फुलवाती वळतात, पाकिटं चिकटवतात, दिवाळीच्या आधी पणत्या रंगवतात. सकाळी पोचलं की मस्टरवर सही. मराठीतल्या स्वमदत गटांमध्ये दोन छान शब्द रुळलेत : आजारातून जाणारा तो ‘शुभार्थी’ आणि सांभाळणारा तो ‘शुभंकर’. पेशंट हा शब्द सेंटरमध्ये कुणी वापरत नाही. पहिले दोन महिने भाऊ कोपऱ्यात खुर्ची ओढून बसायचा, कशाला हात लावायचा नाही. सेंटरच्या ताईंनी त्याला काही म्हटलं नाही. तिसऱ्या महिन्यात चहाची पाळी त्याच्यावर आली. अकराला सोळा कप, त्यांतले तीन बिनसाखरेचे, एक काळा. पहिल्या दिवशी सगळेच गोड झाले आणि मधुमेहवाल्या काकांनी आरडाओरडा केला. दुसऱ्या दिवशी भाऊ घरून चिठ्ठी लिहून घेऊन गेला. बिनसाखरेचे तीन, त्यांची नावं. ही त्यानं सहा वर्षांत स्वतःहून लिहिलेली पहिली गोष्ट होती.

महिन्याच्या शेवटी कामाचे साडेतीनशे रुपये मिळाले. ते त्यानं आठ दिवस शर्टाच्या खिशात ठेवले. शर्ट धुवायला देईना.

अशी केंद्रं फार नाहीत, आणि आहेत ती पुणे-ठाण्याच्या पट्ट्यात जास्त. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन 1997 पासून आहे. कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक असलेल्या जगन्नाथ वाणी यांनी ती सुरू केली. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची मानसिक आरोग्यासाठीची संस्था 1990 पासून काम करते. जवळ काहीच नसेल तर स्वमदत गटापासून सुरुवात करा. त्याला इमारत लागत नाही, महिन्यातून एकदा पाच कुटुंबं एका घरी बसली तरी चालतं. पहिल्या बैठकीत सगळे डॉक्टरांची नावं आणि गोळ्यांचे डोस सांगतात. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत कुणी तरी म्हणतं, “परवा मी त्याच्यावर हात उचलला.” तिथून गट सुरू होतो.

घर, आणि आमच्यानंतर कोण

प्रत्येक आईबापाच्या पोटात हा एकच प्रश्न असतो, बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याभोवती असतात. याचं पक्कं उत्तर आपल्याकडे अजून तयार नाही, पण दिशा दिसते. चेन्नईची ‘बनियन’ संस्था 1993 पासून रस्त्यावरच्या आजारी बायकांसाठी काम करते. त्यांनी 2015 पासून ‘होम अगेन’ सुरू केलं : वर्षानुवर्षं संस्थेत राहिलेल्या चार-पाच जणींसाठी साध्या वस्तीत भाड्यानं घर आणि मदतीला एक बाई. कुलूप त्यांचं, किल्ली त्यांच्याकडे. आज आमटी करायची की पिठलं, हे त्या ठरवणार. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये जगभरातल्या चांगल्या समाजाधारित सेवांचा आढावा काढला, त्यात हे आणि आत्मीयता दोन्ही आहेत. बनियनचं हे काम आपल्या रत्नागिरीतही आलंय, तिथल्या मनोरुग्णालयातल्या लोकांसाठी. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची ‘श्रद्धा’ संस्था दुसऱ्या टोकाचं काम करते : रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी माणसांना उचलून आणायचं, बरं करायचं, घराचा पत्ता शोधून पोचवायचं. त्यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

खाजगी पुनर्वसन केंद्रात ठेवायची वेळ आली तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी आधी मागा. आणि दोनच प्रश्न विचारा : राहायची खोली बघू देता का, आणि त्याला वाटेल तेव्हा घरी फोन करू देता का? आम्ही एका ठिकाणी फीचे पैसे भरून आलो आणि मग कळलं, की महिनाभर भेट बंद असते, ‘सवय व्हावी म्हणून’. चौथ्या दिवशी त्याला परत आणला. फी परत मिळाली नाही.

पैशाचं थोडक्यात. 40 टक्के किंवा त्यापुढचा दाखला आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) हे दोन कागद झाले की तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. उत्पन्नाची अट आहे. दरमहा 1500 रुपये मिळत, 2025 मध्ये दिव्यांगांसाठी ते 2500 करण्याचा निर्णय झाला. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेनं आपल्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उठून ‘या निधीचं काय केलं’ विचारा. आमच्याकडे विचारल्यावर कळलं, की मानसिक आजारही त्यात बसतो हे ग्रामसेवकांना माहीतच नव्हतं. वडील किंवा आई सरकारी नोकरीतून निवृत्त असतील तर दिव्यांग मुलाला त्यांच्यामागे कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकतं. त्यासाठी त्याचं नाव आणि दाखला ते हयात असतानाच कार्यालयात नोंदवून घ्या. नंतर हे काम फार अवघड होतं.

एक सेवा मात्र मला कुठंच सापडली नाही, निदान आमच्या जिल्ह्यात. सांभाळणाऱ्याला चार दिवस मोकळं करणारी. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षं पुढं ढकललं गेलं, कारण तेवढे दिवस त्याच्यापाशी कोण? राष्ट्रीय न्यासाखाली ‘समर्थ’ नावाची अल्पकाळ निवासाची योजना आहे, पण ती पुन्हा त्या चार गटांसाठी. शेवटी सेंटरमधल्या मधुमेहवाल्या काकांची बहीण आमच्या घरी येऊन राहिली. पुढच्या महिन्यात मी तिच्या घरी राहिले. याला काही नाव नाही, अर्ज नाही, शासननिर्णय नाही.

दाखला पुन्हा काढायला आम्ही गेलो, तो यंदाचा बुधवार. आईच्या मांडीवर वही होती. डॉक्टर नवीन होते, तरुण, डोळे वर करून बोलणारे.

“आंघोळ स्वतः करतो का?”

आईनं वहीचं पान उघडलं. “सांगावं लागतं,” ती म्हणाली. “तीनदा तरी.”

भाऊ तिच्याकडे बघत होता. मग डॉक्टरांकडे बघून म्हणाला, “सोमवार ते शुक्रवार नाही सांगावं लागत. सेंटर असतं.”

डॉक्टरांनी दोन्ही लिहून घेतलं.